शकुनबाईचा दिवा आणि आपला मीटर

प्रिय रुचिका,

कागदाच्या कडेला पंपाच्या मोटारींचे नंबर दिसले तर गोंधळू नको, बाबुलालभाऊंच्या दुकानातल्या वहीचं पान फाडून लिहून राहिलो आहे. तू म्हणशील, खिशात मोबाइल असताना या पोट्ट्याले कागद काळे करायची हौस कायले आली. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी दुसऱ्या वाक्याला तापतो, तू तिसऱ्या वाक्याला रडतेस आणि सांगायचं ते राहून जातं. कागदावर मी तापलो तरी तुला ऐकू येणार नाही, आणि तू रडलीस तरी मला दिसणार नाही. म्हणजे निदान मुद्दा तरी पूर्ण होईल.

काल हर्षा दुकानात आली होती, मिक्सर घेऊन. मिक्सरला काही झालेलं नव्हतं, प्लगचा एक स्क्रू ढिला होता, तो तिनंच ढिला केला असावा. तुझी रूमपार्टनर आहे, तुझ्यासारखीच आडून बोलते. मी स्क्रू पिळत असताना म्हणाली, "तुले मालूम हाय का, रुचिका फिजिक्स सोडून राहिली. मंगळवारी विषयाच्या फॉर्मची शेवटची तारीख हाय. तिनं गणित लिहून ठेवलं. म्हणते, गणितात काही जळत नाही." माझ्या हातातून स्क्रू पडला. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "वायरले हात लावाची भीती वाटते म्हणते. प्रॅक्टिकलच्या दिवशी तिले तापच येते. आता काहून ते तूच सांग." आणि मिक्सर उचलून गेली. मी तो स्क्रू बराच वेळ जमिनीवर शोधत बसलो. खरं म्हणजे तो समोरच पडला होता.

रुचिका, वायरीची भीती तुला? तुमच्या एकोडीच्या शाळेची बेल बंद पडली होती तेव्हा स्टूलावर चढून तिचं झाकण कोणी उघडलं होतं? शिपाईमामा खाली उभे राहून "उतर वं पोरी, शॉक लागन" म्हणत होते आणि तू वरून सांगत होतीस, मामा, मेन बंद केला ना मी. हे मला तू एस.टी.त सांगितलंस, पहिल्या महिन्यात, भंडाऱ्याहून साकोलीच्या गाडीत. मला साकोलीला काही काम नव्हतं. मी फक्त तुझ्या शेजारची जागा मिळाली म्हणून बसलो होतो आणि लाखनीला उतरून परत आलो. तू हाताची दोन बोटं जवळ आणून दाखवलीस, पत्र्याची पट्टी एवढीशी वाकली होती, टेकतच नव्हती, म्हणून बेल वाजत नव्हती. मी ऐकलं काहीच नाही. बोटंच पाहत होतो. पण आता चार महिने हेच काम करून समजतं की त्या एवढ्याशा फटीतच सगळं विज्ञान होतं. टेकलं तर वाहतं, नाही टेकलं तर थांबतं.

आणि तुझ्या मनात तो दिवस कसा बसला आहे तेही मी लिहून काढतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. पहिलं वर्ष, दुसरं सेमिस्टर, फेब्रुवारी. ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल. तू आणि मी एका टेबलावर. सर्किट तू जोडलंस, आकृती पाहून, एकेक वायर बोटानं चाचपून. मग तू ग्राफपेपर आणायला गेलीस. परत येऊन तू चावी दाबलीस आणि अ‍ॅमीटरचा काटा पलीकडच्या टोकाला जाऊन आपटला, वास आला, धूर निघाला. सर धावत आले. "कनेक्शन कोणी केलं?" तू म्हणालीस, मी केलं सर. आणि सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले की, मुलींनी चहाच्या गाळण्या धराव्यात, मीटर जोडू नये. पुढचं सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मी स्टूल लाथाडलं, सरांच्या अंगावर ओरडलो, वही भिंतीवर फेकली आणि जो बाहेर पडलो तो आजपर्यंत परत गेलो नाही. प्राचार्यांनी माफी लिहून दे म्हटलं, मी दिली नाही. घरी बाबा आठ दिवस बोलले नाहीत. पोरं म्हणत, "कमलेशनं रुचिकासाठी कॉलेज सोडलं बे." तू आमच्या आंधळगावच्या बसस्टॉपवर येऊन रडलीस आणि म्हणालीस, माझ्या चुकीमुळे तुझं शिक्षण सुटलं. त्या दिवसापासून तू रोज संध्याकाळी विचारतेस, जेवला का? मी हो म्हणतो. आपलं बोलणं तिथंच थांबतं.

तू फिजिक्स सोडू नये म्हणून मी काय करू शकतो, याचा दुपारभर विचार केला. मला एवढंच सुचलं की जे मला कॉलेजात कळलं नाही आणि इथं हाताला काळं लावून कळलं, ते तुला सांगावं. सरांनी व्होल्टेजची व्याख्या फळ्यावर लिहिली होती, मी उतरवून घेतली होती, पण माझ्या डोक्यात करंट आणि व्होल्टेज ही एकाच माणसाची दोन नावं होती, घरचं एक आणि शाळेतलं एक. बाबुलालभाऊंनी ते दोन माणसं आहेत हे दाखवलं. भाऊ दहावी नापास. पंपाच्या जळलेल्या मोटारी उघडतात, तांब्याची जुनी तार काढून नवीन गुंडाळतात. पहिल्याच आठवड्यात मला गावातल्या तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. म्हणाले, "हे पाय. पाणी वर हाय, बांध्या खाली हायेत. तुडूम बंद हाय. पाणी वाहून राहिलं का?" तुडूम म्हणजे पाळीतलं ते तोंड, ज्यातून पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडतात. मी म्हटलं, नाही. "पण जोर हाय का नाही?" जोर तर होता, बंद दाराला भिडून उभा होता. "तो व्होल्टेज. आता दार उघडलं का जे धावते, ते करंट. आन् दार किती उघडलं, नाली किती रुंद हाय, तिच्यात गाळ किती, तो तुहा रेझिस्टन्स." एवढं सांगून त्यांनी बिडी पेटवली. ज्याच्यासाठी मी पूर्ण सेमिस्टर घालवलं, ते एक बिडी पेटायच्या आत झालं.

भाऊंचा एक नियम आहे. दुकानात दुरुस्त झालेली कोणतीच वस्तू थेट लाइनवर लावायची नाही. भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर दोनशे वॅटचा जुना बल्ब. त्याला आम्ही सिरीज बोर्ड म्हणतो. वस्तू त्या बल्बच्या मागोमाग एकाच रांगेत जोडायची, म्हणजे करंटला आधी बल्बातून जावं लागतं, मग वस्तूतून. आत कुठं तार तारेला चिकटली असेल तर बल्ब भक्कन पेटतो, बस, एवढंच. काही जळत नाही, काही फुटत नाही. बल्ब स्वतः अडवून धरतो. मी पहिल्या दिवशी एक पंखा थेट लावला आणि दुकानाचा फ्यूज उडवला. भाऊंनी हातातला पाना खाली ठेवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "अबे, पंख्याले नाही, आधी तुह्या डोक्याले सिरीज बल्ब लावा लागते." तेव्हापासून मी कोणावर तापलो की दुकानातले सगळे ओरडतात, "बल्ब पेटला, बल्ब पेटला!" तू ऐकायला हवं होतंस. तुला फार मजा आली असती.

आता शकुनबाईचं सांगतो. गावाबाहेर तिची दोन एकर बांधी आहे, उन्हाळी धान घेते, एकटीच राबते. मोटारीच्या खोलीत तिनं साठचा पिवळा बल्ब लावलेला होता. मोटारीला तीन फेज येतात, पण बल्बला परतीची तार लागते, न्यूट्रल, ती तिथं ओढलेलीच नव्हती. आपल्याकडं सगळे करतात तेच तिनं केलं. बल्बची एक तार फेजला, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. करंटला परत जायला रस्ता हवा, तो जमिनीतून शोधतो. उन्हाळ्यात माती सुकली की दिवा मिणमिणतो, मग ही बाई रोज संध्याकाळी सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी टाकते. दिवा लगेच तेजावर येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरलं नाही. ती म्हणाली, "हासतेस काय गा? जीव हाय त्याले. तहान लागते, पाजा लागते." रुचिका, ती चुकीची होती का, सांग? ओली माती करंटला कमी अडवते, सुकी जास्त. ओहमचा नियम ती बादलीनं सिद्ध करत होती. मी मात्र तुझ्यासमोर ग्राफ काढताना रेषा सरळ यावी म्हणून शेजारच्या टेबलाचे आकडे पाहत होतो.

एप्रिलमध्ये ती सळईवरची तार गंजून सुटली म्हणून तिनं दुकानात निरोप पाठवला. भाऊंनी मला पाठवलं. सांगितलं होतं, क्लॅम्प लाव, बोल्ट पिळ, आणि पुढच्या आठवड्यात लाइनमनला सांगून न्यूट्रलची तार ओढून देऊ. त्या दिवशी तू साडेपाचच्या गाडीनं गावी जाणार होतीस आणि मला स्टँडवर तुला नुसतं पाहायचं होतं. क्लॅम्प लावायला वेळ नव्हता. मी तार सळईला हातानंच चार वेढे पिळली, दिवा लागला, शकुनबाईनं "जुग जुग जी" म्हटलं आणि मी पळालो. गाडी निघून गेलेली होती, ते जाऊ दे.

मे महिन्यात मी तिच्या शेजारच्या बांधीवर पंप बसवत होतो. पाहतो तर शकुनबाई तिच्या खोलीबाहेर, चिखलात अनवाणी, हातात ओली बादली, आणि वाकून ती सुटलेली तार उचलायला निघालेली. दिवा विझलेला. तिला वाटलं, दिवा नाही म्हणजे करंट नाही. आणि ती बरोबरच होती, करंट नव्हता! पण बटण चालू होतं. रस्ता तुटला होता म्हणून वाहत काही नव्हतं, पण पाळीच्या दाराला पाणी भिडून असतं ना, तसे दोनशेतीस व्होल्ट त्या तारेच्या टोकाशी येऊन उभे होते. तिनं हात लावला असता तर तीच रस्ता झाली असती, ओल्या हातातून, छातीतून, चिखलातून. मी ओरडलो, तिला ऐकू कमी येतं. धावून पोचणं शक्य नव्हतं. मी पायातली चप्पल काढली आणि नेम धरून तिच्या मनगटावर हाणली. लागली. माझा आयुष्यातला एकच नेम बरोबर बसला. बाई किंचाळली, "माय वं! मेल्या, म्हाताऱ्या बाईले चपलीनं मारतेस? तुह्या मायले सांगतो थांब!" मी खोलीत घुसून मेन बंद केला आणि तिथंच खाली बसलो. आजूबाजूचे लोक धावून आले, दोघं तर मला मारायलाच आले होते. मग मेन चालू करून, टेस्टर तारेच्या टोकाला लावून दाखवला. दिवा विझलेला आणि टेस्टर पेटलेला.

आता ऐक, यानंतरचं मला सांगायला जड जातं. गावात माझं नाव झालं. शकुनबाईनं दुकानात लाखोरीच्या डाळीचे वडे आणून दिले. येईल त्याला सांगत होती, "माह्याच पायानं तार तुटली. मीच आंधळी. या पोट्ट्यानं वाचवलं." भाऊंनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वडे खाल्ले, रुचिका. दोन दिवस खाल्ले. तिसऱ्या दिवशी कळलं की तिनं मोटारीच्या खोलीत जाणंच बंद केलं. दुसऱ्याच्या हातापाया पडून मोटार चालू करून घेत होती. म्हणे, आपल्या हातून काही होऊन जाईल. चाळीस वर्षं शेती केलेली बाई, माझ्या चार ढिल्या वेढ्यांपायी स्वतःच्या हातांना घाबरायला लागली होती. मी भाऊंना सांगितलं. मग तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं, मावशी, तार तुमच्या पायानं नाही तुटली, मीच नीट बांधली नव्हती. तिनं कानामागं हात धरून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे चप्पल मी खाल्ली आन् वडेबी तूच खाल्ले?" आणि एवढी हसली की ठसका लागला. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाली. म्हणाली, "बाबू, दोन दिस काहून थांबला? दोन दिस मी मलेच बोल लावून राहिली होती." भाऊंनी महिनाभर मला लाइनच्या कामावरून काढलं, मी दुकानात बसून नुसती तार गुंडाळत होतो. न्यूट्रल त्यांनी स्वतः लाइनमनला घेऊन ओढली. शकुनबाई आता मोटार स्वतः चालू करते.

शकुनबाई दोनच दिवस स्वतःला बोल लावत होती. तू चार महिने लावून राहिली आहेस. तू ग्राफपेपर आणायला गेलीस तेव्हा मी चावी दाबून पाहिली, काटा अगदी थोडा हलत होता. मला घाई झाली होती. मला वाटलं, मीटरच्या तारा थेट बॅटरीला लावल्या तर काटा जोरात जाईल, आकडा मोठा येईल, तू येशील तेव्हा रीडिंग तयार असेल आणि तू म्हणशील, वा कमलेश. मी चावी सोडून तुझ्या दोन्ही वायरी काढल्या आणि मध्ये फक्त चावी ठेवून अ‍ॅमीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना जोडला. अ‍ॅमीटर रांगेत लावायचा असतो, सगळा करंट त्याच्यातून जावा म्हणून तो अडवत जवळजवळ नाहीच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज दुकानातलं लहान पोरगंही मला सांगेल. बाकी सगळं तुझं होतं आणि तुझं सगळं बरोबर होतं. मी दाबायच्या आत तू आलीस आणि फक्त चावी दाबलीस. धूर निघाला तेव्हा मला कळलं, सर आले तेव्हा माझ्या जिभेवर आलं, आणि तू "मी केलं सर" म्हणालीस तेव्हा मी ते गिळलं. मग सर तुला बोलले आणि मी तापलो. तो ताप सरांवर नव्हता गं, माझ्यावरच होता, सर फक्त समोर उभे होते. पोरांनी मला हिरो केलं आणि मी झालो. बसस्टॉपवर तू माझ्यासाठी रडलीस तेव्हा मला आतून गोड वाटलं, हेही लिहून टाकतो. रोज संध्याकाळी "जेवला का?" येतं ते प्रेमानं येतं की त्या मीटरच्या ओझ्यानं, हे मला कधीच कळलं नाही, आणि खरं सांगितलं तर ते येणंच बंद होईल या भीतीनं मी चार महिने गप्प राहिलो. तुला फिजिक्स आवडत नसेल तर सोड. पण तुझ्या हातानं काही जळलेलं नाही, म्हणून तेवढ्यासाठी सोडू नको. सोमवारी अकरा वाजता मी कॉलेजात येतो आहे, सरांना आणि ज्या बॅचसमोर ते तुला बोलले त्या बॅचला हे तोंडानं सांगायला. दुकानातून सुट्टी घेतली आहे. मला परत घेतील की हाकलतील, ते त्यांचं ते पाहतील. तू लॅबमध्ये असलीस तर माझ्याकडे पाहिलं नाहीस तरी चालेल, आणि त्या संध्याकाळी फोन आला नाही तर मी समजून घेईन. फक्त मंगळवारी फॉर्मवर विषय लिहिताना तुझ्या हातावर त्या मीटरचं ओझं नसावं, यासाठी हे सगळं लिहिलं.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
कमलेश